एंजिनाचा पंखा आपोआप चालू करणारा स्विच : रचना, कार्य व तपासणी

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर बाजारपेठेत पोहोचविणेही महत्त्वाचे असते. पहाटे काढलेली मेथी किंवा कोथिंबीर भर उन्हात दोन-तीन तास रस्त्यावर अडकून पडली, तर तिचा भाव निम्म्यावर येण्यास वेळ लागत नाही. आज पुष्कळ शेतकरी कुटुंबांत लहान मोटारगाडी अथवा व्हॅन आलेली आहे आणि घरच्या प्रवासाबरोबर थोडाफार मालही तिच्यातूनच नेला जातो. अशी गाडी वाटेत बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे एंजिन तापणे. एंजिन तापले की पंप, रेडिएटर, गॅस्केट अशा मोठ्या भागांवर संशय घेतला जातो व खर्चही होतो. परंतु मूळ दोष अनेकदा अंगठ्याएवढ्या एका भागात असतो. हा भाग म्हणजे रेडिएटरच्या पंख्याचा स्विच होय. गॅरेजमध्ये यास ‘फॅन स्विच’ किंवा ‘थर्मो स्विच’ असे म्हणतात. त्याचे काम नीट समजून घेतल्यास दोष कोठे आहे हे मालकास स्वतः ओळखता येते व मोठे नुकसान टळते.

एंजिनातील उष्णता व तिचा निचरा

एंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला भाग एंजिनाच्या धातूत शिरतो. धातूत शिरलेली ही उष्णता सतत काढून घ्यावी लागते. ती साचून राहिल्यास वंगण पातळ होऊन निकामी होते, पिस्टन सिलिंडरमध्ये जखडतात, एंजिनाचे हेड वाकते व त्याखालील गॅस्केट फुटते. ही दुरुस्ती इतकी खर्चाची असते की जुन्या गाडीच्या बाबतीत ती परवडत नाही.

उष्णता काढून घेण्याचे काम पाणी करते. पाण्याचा पंप एंजिनाभोवतीच्या पोकळीतून पाणी फिरवितो व तापलेले पाणी रेडिएटरमध्ये पाठवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांवर पातळ पत्र्याच्या जाळ्या बसविलेल्या असतात. त्यांमधून वाहणारी हवा पाण्याची उष्णता घेऊन जाते व निवलेले पाणी पुन्हा एंजिनाकडे परतते.

एंजिन फार तापणे जसे अपायकारक, तसे ते फार थंड राहणेही हितावह नव्हे. थंड एंजिनात इंधन पूर्णपणे जळत नाही, त्याचा काही अंश वंगणात मिसळतो आणि झीज वाढते. म्हणून पाण्याचे तापमान साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहील अशी योजना केलेली असते.

पंखा सतत का फिरवीत नाहीत

गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने धावत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवण्यास पुरेसा असतो. वारा कमी पडतो तो गाडी थांबलेली असताना किंवा हळू चालत असताना. बाजार समितीच्या दाराशी लागलेली गाड्यांची रांग, टोलनाका, चिखलाचा शिवाररस्ता आणि घाटातील चढ ही अशी ठिकाणे होत. येथे हवा ओढण्यासाठी पंखा लागतो.

बहुतेक ट्रॅक्टरांत व जुन्या जीपगाड्यांत हा पंखा एंजिनाच्या पुढील बाजूस पट्ट्यावर फिरतो. एंजिन चालू आहे तोवर पंखाही चालूच राहतो व त्यास निराळ्या स्विचची गरज नसते. पण १९८३ मध्ये भारतात आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत एंजिन आडवे बसविलेले आहे. अशा एंजिनाच्या पट्ट्याची बाजू चाकाकडे येते आणि रेडिएटर मात्र समोर असतो. त्यामुळे पट्ट्याने पंखा फिरविणे अडचणीचे होते व पंख्यास विजेची स्वतंत्र मोटार द्यावी लागते. विजेच्या पंख्याचा दुसरा फायदा असा की तो गरजेपुरताच फिरतो. सकाळच्या थंडीत तो बंद राहतो, एंजिन लवकर गरम होते व इंधनही वाचते.

परंतु पंखा केव्हा चालू करावा व केव्हा बंद करावा, हे कोणी तरी ठरविले पाहिजे. चालकाने रस्त्यावर लक्ष ठेवावे की तापमानाच्या काट्यावर? यास्तव हे काम एका स्वयंचलित स्विचकडे सोपविलेले असते.

धावेचा दाखला

या स्विचचे तत्त्व शेतकऱ्यास अपरिचित नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती आधी आगीत तापवितो. तापली की ती फुगते व चाकावर सहज बसते. नंतर पाणी ओतले की आकसून चाकाला घट्ट आवळते. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाची धाव ५०० अंशांनी तापविली, तर तिचा घेर सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा नियम येथे डोळ्यांना दिसतो.

मात्र सर्व धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. एक मीटर लांबीची पितळेची सळई १०० अंशांनी तापविल्यास सुमारे १.९ मिलिमीटरने वाढते आणि पोलादाची सुमारे १.२ मिलिमीटरने. लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळून केलेल्या ‘इन्वार’ नावाच्या मिश्रधातूची सळई जेमतेम ०.१ मिलिमीटर वाढते. हा मिश्रधातू शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये शोधून काढला व त्यास १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अधिक प्रसरण पावणाऱ्या धातूची व कमी प्रसरण पावणाऱ्या धातूची अशा दोन पट्ट्या एकमेकींना कायमच्या जोडल्या, तर तापल्यावर काय होईल? एक पट्टी लांब होऊ पाहील, दुसरी तिला अडवील आणि जोडपट्टी कमी वाढणाऱ्या धातूच्या बाजूस वाकेल. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्लंडमधील घड्याळजीने समुद्रावरील घड्याळाची चाल उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलू नये म्हणून अशा जोडपट्टीचा उपयोग केला होता. विजेच्या इस्त्रीत ठराविक उष्णता आल्यावर वीज तोडणारी पट्टीही याच जातीची असते.

स्विचच्या आत काय असते

पंख्याचा स्विच बाहेरून आटे पाडलेल्या जाड बोल्टसारखा दिसतो. त्याचे कवच सहसा पितळेचे असते, कारण पितळ उष्णता चटकन पोहोचविते. आट्यांकडील टोक पाण्यात बुडालेले असते व बाहेरच्या टोकास तारांची जोडणी असते. आतमध्ये दोन धातूंची एक लहानशी, किंचित खोलगट चकती बसविलेली असते. चकतीजवळ एक खुंटी असून खुंटीच्या पलीकडे विजेची दोन टोके असतात. स्विच थंड असताना ही टोके एकमेकांपासून दूर असतात.

चकती खोलगट का, हे समजण्यासाठी तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तळाकडे पाहावे. त्यावर अंगठ्याने हळूहळू दाब दिला तर प्रथम काहीच घडत नाही. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तळ एकदम ‘टक्’ असा आवाज करून आत जातो. चकतीचेही तसेच आहे. पाणी तापू लागले की तिच्यात ताण साठत जातो, पण ती जागची हलत नाही. ठराविक अंश गाठताच ती एकदम उलट बाजूस पलटते, खुंटी ढकलली जाते, विजेची टोके जुळतात व पंखा चालू होतो.

ही झटक्याची क्रिया मुद्दाम साधलेली असते. टोके सावकाश जवळ आली असती तर त्यांच्यात ठिणग्या उडत राहिल्या असत्या व थोड्याच दिवसांत ती जळून गेली असती.

दोन अंकांचे रहस्य

पुष्कळ स्विचवर ‘९५–९०’ किंवा ‘९२–८७’ असे दोन अंक कोरलेले आढळतात. पहिला अंक पंखा चालू होण्याचा व दुसरा तो बंद होण्याचा. म्हणजे ९५ अंशांस चालू झालेला पंखा पाणी ९० अंशांपर्यंत निवल्याखेरीज थांबत नाही.

हे अंतर कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. विहिरीवरील पंपाचा विचार करावा. टाकी अर्धी झाली की पंप चालू व्हावा आणि भरली की बंद व्हावा, अशी व्यवस्था ठीक असते. पण एकाच खुणेवर तो चालू आणि त्याच खुणेवर बंद होऊ लागला, तर मिनिटामिनिटाला चालू-बंद होऊन मोटार जळेल. चकतीच्या बाबतीत हे अंतर तिच्या घडणीतूनच मिळते. एकदा पलटलेली चकती पुन्हा मूळ जागी येण्यास अधिक थंड व्हावी लागते.

काही गाड्यांतील स्विचला तीन टोके असतात व आत दोन चकत्या असतात. पहिली पंखा मंद गतीने चालू करते. तेवढ्याने भागले नाही व पाणी आणखी तापले, तर दुसरी त्यास पूर्ण गती देते.

स्विच कशाची उष्णता ओळखतो

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. हा स्विच एंजिनाची उष्णता ओळखत नाही. त्याच्या टोकाला जे पाणी स्पर्श करते, तेवढ्याचीच उष्णता तो ओळखतो. निम्म्याहून अधिक गैरसमज ही एक गोष्ट न कळल्यामुळे होतात.

समजा, रबरी नळीला चीर पडून पाणी गळून गेले. एंजिन तर भट्टीसारखे तापले, पण स्विचचे टोक आता पाण्यात नसून हवेच्या पोकळीत आहे. हवा पाण्याइतकी उष्णता पोहोचवीत नाही. चकती पलटत नाही आणि पंखा स्तब्ध राहतो. पाहणाऱ्यास वाटते की स्विच बिघडला. वस्तुतः स्विच चांगला असतो, पाणीच नसते. नवा स्विच बसविला तरी गाडी पुन्हा तापते. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. पाणी बदलल्यानंतर आत हवेचा बुडबुडा अडकून राहिला तरी असेच घडते.

दुसरे उदाहरण क्षारांचे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वारंवार घातल्यास, चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर धरतो, तसा थर स्विचच्या टोकावर व रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. या थरातून उष्णता उशिरा पोहोचते. म्हणून साधे विहिरीचे पाणी नेहमीसाठी वापरू नये. गाडीसाठी शिफारस केलेले कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून घालावे.

स्विच बसविण्याची जागाही सर्व गाड्यांत एकच नसते. काहींत तो रेडिएटरच्या टाकीवर असतो, तर काहींत एंजिनावर, थर्मोस्टॅटच्या शेजारी. एंजिनातून निघणारे पाणी अधिक गरम असते व रेडिएटरमधून बाहेर पडणारे कमी. त्यामुळे स्विचचे अंशही जागेप्रमाणे ठरविलेले असतात. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा स्विच बसविणे यासाठीच धोक्याचे आहे.

थर्मोस्टॅट निराळा, स्विच निराळा

नावाच्या सारखेपणामुळे या दोन भागांत नेहमी गल्लत होते. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरील झडप आहे. तिच्यात एक प्रकारचे मेण भरलेले असते. सुमारे ८२ ते ८८ अंशांस ते वितळून फुगते व रेडिएटरकडील वाट उघडते. तिचा विजेशी संबंध नाही. स्विच विजेचा मार्ग जोडतो व हवा ओढणारा पंखा चालवितो. थर्मोस्टॅट बंदच राहिला तर गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी रेडिएटरवर बसविलेला स्विच थंडच राहतो व पंखा फिरत नाही. एंजिन तापलेले आणि रेडिएटर मात्र हातास कोमट लागतो, असे दिसल्यास दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा पाण्याच्या पंपात शोधावा.

विजेचा मार्ग

लहान गाडीचा पंखा १२ व्होल्ट दाबावर साधारणतः ७ ते १० अँपिअर प्रवाह घेतो. पुढील दोन मोठे दिवे मिळून घेतात, तितकाच हा प्रवाह आहे. पंखा सुरू होण्याच्या क्षणी तो कित्येक पटींनी वाढतो. काही गाड्यांत हा सारा प्रवाह स्विचमधूनच जातो. इतर गाड्यांत स्विच केवळ ‘रिले’ नावाच्या उपकरणास इशारा देतो व मोठा प्रवाह रिलेमधून जातो. पाटकरी दार उघडतो आणि पाणी पाटातून वाहते, त्यासारखीच ही व्यवस्था आहे. अशा रचनेत स्विच अधिक काळ टिकतो. मार्गात एक फ्यूजही असतो. म्हणजे पंखा न फिरण्यास फ्यूज, रिले, जोडण्या, पंख्याची मोटार व स्विच यांपैकी कोणताही एक भाग कारणीभूत असू शकतो. या सर्वांत स्विचचा क्रम शेवटी लावावा.

तपासणीचा क्रम

तपासणी एंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावी. पुष्कळ गाड्यांत पंख्यास बॅटरीवरून थेट वीज मिळते. किल्ली काढल्यानंतरही तो अचानक फिरू लागतो. म्हणून पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. गळ्यातील गमछा, उपरणे किंवा साडीचा पदर पंख्यापासून दूर ठेवावा.

१. प्रथम पाणी पाहावे. रेडिएटर व जोडटाकी यांत पाणी खुणेपर्यंत आहे काय, नळ्यांना ओल किंवा चीर आहे काय, हे तपासावे.

२. रेडिएटरच्या जाळ्या पाहाव्यात. मळणीच्या दिवसांत भुसा, एरवी चिखल व किडे त्यांत अडकतात. हवाच आरपार जात नसेल तर पंखा फिरूनही उपयोग नाही. एंजिनाच्या बाजूने पुढे असे हलक्या धारेने पाणी मारून त्या धुवाव्यात.

३. फ्यूज पाहावा. जळालेला असल्यास तितक्याच अँपिअरचा घालावा. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद कदापि घालू नये. त्यामुळे गाडीला आग लागू शकते.

४. आता पंख्याची मोटार पाहावी. बॅटरी पुन्हा जोडून घ्यावी. स्विचवरील तारांची टोपी काढावी, टोपीतील दोन टोके तारेच्या लहान तुकड्याने एकमेकांस जोडावीत व किल्ली चालू करावी. एकच तार असेल तर ती गाडीच्या उघड्या धातूस टेकवावी. पंखा फिरला, तर मोटार, फ्यूज, रिले व तारा ठीक आहेत. पाणी भरलेले असून व एंजिन तापूनही पंखा फिरत नव्हता, तर दोष स्विचमध्ये आहे असे समजावे. पंखा फिरला नाही, तर स्विच निर्दोष असण्याचा संभव अधिक. मग मोटार, रिले व जोडण्या तपासाव्यात.

ही चौथी पायरी साध्या स्विचच्या गाड्यांपुरतीच आहे. संगणकाने पंखा चालविणाऱ्या गाड्यांविषयी पुढे सांगितले आहे.

गरम पाण्यातील परीक्षा

स्विचविषयी खात्री करून घ्यावयाची असल्यास तो काढून पातेल्यात तपासता येतो. त्याचे धातूचे टोक पाण्यात बुडेल आणि तारांची टोके कोरडी राहतील असा तो दोऱ्याने अधांतरी लटकवावा. तो पातेल्याच्या तळास टेकू देऊ नये, कारण तळ पाण्याहून अधिक तापलेला असतो. शेजारी ११० अंशांपर्यंतचा तापमापक धरावा. ताप मोजण्याचा घरगुती तापमापक येथे चालत नाही, तो फुटतो. स्विचची टोके, १२ व्होल्टचा लहान दिवा व बॅटरी एकापुढे एक अशी जोडावीत. पाणी तापत जाऊन ठराविक अंश आला की ‘टक्’ असा बारीक आवाज होतो व दिवा लागतो. विस्तव काढून पाणी निवू दिले की दुसऱ्या अंकाच्या आसपास दिवा विझतो. दोन-तीन अंशांचा फरक दोष मानू नये.

उंचावरील गावी एक काळजी घ्यावी. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांस उकळते, पण उंची सुमारे ३०० मीटर वाढली की हा बिंदू जवळजवळ एक अंशाने उतरतो. पुण्यास पाणी सुमारे ९८ अंशांस उकळते, तर महाबळेश्वरास ९५-९६ अंशांसच. तेथे ९५ अंशांचा चांगला स्विचही उघड्या पातेल्यात कदाचित दिवा लावणार नाही. अशा ठिकाणी तो खराब ठरविण्याची घाई करू नये.

गाडीत मात्र पाणी याहून अधिक अंशांपर्यंत न उकळता राहते, कारण रेडिएटरचे टोपण आत दाब धरून ठेवते. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅम दाबाचे टोपण असल्यास साधे पाणीही ११८ अंशांच्या सुमारास उकळते. टोपणाचे रबर झिजून दाब टिकेनासा झाला, की स्विच व पंखा ठीक असूनही पाणी उकळून बाहेर येते.

स्विच बदलताना

स्विच एंजिन थंड असतानाच काढावा. तो काढताच पाणी बाहेर येते, म्हणून खाली पसरट भांडे ठेवावे. हे कूलंट चवीस गोडसर पण विषारी असते. त्यातील इथिलिन ग्लायकॉल थोड्या प्रमाणात पोटात गेले तरी कुत्री, वासरे व लहान मुले यांच्या जिवावर बेतते. म्हणून गाडीची दुरुस्ती गोठ्याजवळ करू नये. सांडलेले कूलंट भरपूर पाण्याने तेव्हाच धुवावे आणि ते डोणीत, ओढ्यात वा विहिरीकडे जाऊ देऊ नये.

नवा स्विच घेताना त्यावरील अंक, आटे व टोकांची संख्या जुन्याशी ताडून पाहावी. नवी चकतीवजा सील बसवावी. आटे बेताने आवळावेत. आजच्या रेडिएटरच्या टाक्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात व जोर केल्यास फुटतात. नंतर पाणी भरून, हवा काढून, गाडी उभीच ठेवून एंजिन चालू करावे. काटा मध्यावर किंवा त्याच्या थोडा वर गेला की पंखा चालू होऊन काही वेळाने बंद झाला पाहिजे. असे दोनदा झालेले पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये.

वाटेत एंजिन तापल्यास

काटा लाल खुणेकडे जाऊ लागला की वातानुकूलन बंद करावे व गाडी सुरक्षित जागी बाजूस घ्यावी. वाफ येत असेल तर एंजिन ताबडतोब बंद करावे. गरम रेडिएटरचे टोपण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतील पाणी शंभर अंशांहून गरम असते. टोपण उघडताच दाब जातो व त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती तोंडावर व छातीवर उसळते. किमान अर्धा तास थांबावे आणि वरची नळी हातास गार लागल्यावरच जाड फडके धरून टोपण सावकाश सैल करावे. तापलेल्या एंजिनावर किंवा एंजिनात गार पाणी ओतू नये. धातूस तडा जातो. कोणास भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये. त्यानंतर दवाखान्यात न्यावे.

स्विच बिघडल्याची खात्री असल्यास घरी पोहोचण्यापुरता पंखा फ्यूजसह थेट जोडून घेण्यास हरकत नाही. परंतु ती कायमची व्यवस्था करू नये. सतत फिरल्याने पंख्याची मोटार लवकर झिजते व बॅटरीवर विनाकारण भार पडतो. हातचे बटण बसविले तर एके दिवशी ते दाबण्याचा विसर पडतो आणि त्या एका दिवशीच एंजिन जाते. काही ठिकाणी याच्या जोडीला थर्मोस्टॅटही काढून टाकतात. त्यामुळे एंजिन कायम थंड राहून इंधन अधिक लागते व झीज वाढते. दोष झाकला जातो, दूर होत नाही.

नव्या गाड्यांतील व्यवस्था

इंधन फवारणीच्या आजच्या गाड्यांत चकतीचा स्विच बहुधा नसतो. त्याऐवजी पाण्यात एक संवेदक, म्हणजे सेन्सर, बसविलेला असतो. पाणी तापते तसा त्याचा विद्युत् रोध कमी होतो. अनेक सेन्सरांत तो २० अंशांस सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांस सुमारे तीनशेवर येतो. गाडीतील संगणक या रोधावरून तापमान ओळखतो व रिलेमार्फत पंखा चालवितो. या गाड्यांत सेन्सरची टोके तारेने जोडून पाहू नयेत किंवा त्यांना बॅटरीची वीज देऊ नये. अनेक गाड्यांत सेन्सरची टोपी काढताच संगणक खबरदारी म्हणून पंखा आपण होऊन चालू करतो. तेवढी खूण पंखा व रिले ठीक असल्याचे कळण्यास पुरेशी आहे. पुढील तपासणी योग्य यंत्र असलेल्या कारागिराकडून करून घ्यावी. मात्र नियम येथेही तोच लागू आहे. सेन्सरसुद्धा त्यास स्पर्श करणाऱ्या पाण्याचीच उष्णता सांगतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात किंवा चावडीवर गरम पाण्यातील परीक्षेचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यास एक जुना स्विच, पातेले, तापमापक, बॅटरी व दिवा एवढेच साहित्य पुरते. डोळ्यांसमोर दिवा लागताना पाहिलेला शेतकरी ती गोष्ट सहसा विसरत नाही. आधी पाणी, मग हवा, मग वीज आणि शेवटी स्विच, हा क्रम प्रत्येक गाडीमालकाच्या तोंडी बसला पाहिजे. दर आठवड्यास थंड एंजिनात पाण्याची पातळी पाहण्यास दोन मिनिटे लागतात. उन्हाळ्याच्या तोंडी पंखा आपोआप चालू होतो की नाही, हे गाडी अंगणात उभी करून पाहण्यास अर्धा तास पुरतो. एवढी निगा राखल्यास भरलेली गाडी घाटात अडकण्याचा प्रसंग टळेल आणि शेतमाल ताजा असतानाच बाजारात उतरेल.